संकटग्रस्त पाणभुंगेरा आणि मातीतला जिवाणू: एकाच तक्त्यात तुलना कशी करायची?

तक्तेवाला:

जैवविविधतेच्या प्रात्यक्षिकासाठी तुलनातक्ता करायचा आहे. जीव मुद्दामच दोन टोकांचे घेतलेत. एका बाजूला हंगरफोर्डचा पाणभुंगेरा, शास्त्रीय नाव ब्रायकियस हंगरफोर्डी. अमेरिकेतलं मिशिगन आणि कॅनडातलं ओंटारिओ इथल्या मोजक्या ओढ्यानद्यांतच तो सापडतो, आणि १९९४ पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आहे. दुसऱ्या बाजूला स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियस, म्हणजे १९४३ साली ज्याच्यापासून स्ट्रेप्टोमायसीन मिळालं तो मातीतला जिवाणू.

आकार, पेशीरचना, अन्न, श्वसन हे रकाने भरून झाले. गाडी अडलीय ती पुढे.

१) 'संख्या' या रकान्यात भुंगेरे ओढ्यागणिक आणि जिवाणू ग्रॅममागे, हे एकाच मापात बसेना.
२) 'संवर्धन स्थिती'मध्ये जिवाणूपुढे काय लिहायचं? 'सुरक्षित' की 'लागू नाही'?
३) दोघांचा शोध कसा घेतात त्याच्या नेमक्या पायऱ्या हव्यात. जिवाणूचा भाग मुलांकडून प्रत्यक्ष करून घेता येईल. भुंगेऱ्याचा कागदावरच राहणार.
४) जिवाणू नामशेष होऊ शकतो का? 'जिवाणू सगळीकडे असतात' एवढं म्हणून विषय संपतो का?

ओढाकाठ:

भुंगेऱ्याच्या बाजूचं सांगतो.

प्रौढ जेमतेम ४ मिमी लांब, पिवळसर तपकिरी. कठीण पंखांवर बारीक काळ्या खळग्यांच्या उभ्या रांगा असतात. कुळ हॅलिप्लिडी. या कुळाची खूण पोटाखाली: मागच्या पायांच्या बुडाशी दोन मोठ्या चपट्या पट्ट्या असतात आणि त्यांनी पोटाचा बराच भाग झाकलेला असतो. या पट्ट्यांखाली आणि पंखांखाली तो हवा साठवतो आणि ती संपत आली की पृष्ठभागावर येतो. तुमच्या 'श्वसन' रकान्यात 'पाण्यातला ऑक्सिजन घेतो' असं लिहिलं असेल तर प्रौढापुरतं ते खोडा. ब्रायकियस हा वंश ओळखायचा तो छातीवरच्या ढालीवरून. तिच्या कडा मागच्या दोन तृतीयांश भागात जवळजवळ समांतर असतात. हॅलिप्लस आणि पेल्टोडायटीस या नातेवाइकांत त्या पुढे निमुळत्या होत जातात. १० पट भिंगाखाली हे दिसतं, नुसत्या डोळ्यांनी पैज लावू नका.

शोधायच्या पायऱ्या:

जागा निवडताना थंड, अल्कधर्मी, वाहत्या पाण्याचा उथळ पट्टा बघायचा, तळाला वाळू-खडी हवी. बीव्हरने (ओढ्यावर फांद्या-चिखलाचे बांध घालणारा कुरतडणारा प्राणी) घातलेल्या बांधाच्या किंवा रस्त्याखालच्या मोरीच्या खालच्या अंगाला बरेचदा असा पट्टा तयार होतो. इंग्रजी डी आकाराच्या चौकटीचं जाळं घ्यायचं, जाळीचं छिद्र ०.५ मिमी किंवा कमी. जाळं प्रवाहाच्या खालच्या बाजूला तळाशी टेकवून धरायचं आणि वरच्या बाजूची खडी हाताने ठरलेला वेळ, समजा १ मिनिट, हलवायची. जे निसटेल ते प्रवाहच जाळ्यात आणून टाकतो. मग पांढऱ्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात ओतायचं आणि थांबायचं. हे महत्त्वाचं, कारण पहिलं अर्धं-एक मिनिट भुंगेरा खड्याला चिकटून निपचित असतो आणि घाईघाईत ट्रे रिकामा करणारा माणूस त्याला खड्यासकट परत ओढ्यात टाकतो. मोजून झालं की जिथून उचलला तिथेच सोडायचा. यादीतली प्रजाती असल्यामुळे हे सगळं परवान्याशिवाय करता येत नाही.

तक्त्यात एक गोष्ट हमखास गळते. या कुळातली अळी शेवटच्या टप्प्यात पाणी सोडते आणि काठावरच्या ओलसर मातीत कोष करते. म्हणजे 'अधिवास: पाणी' हे अर्धंच उत्तर. ओढ्याचा तळ शाबूत ठेवून काठाला दगडी पिचिंग केलं किंवा गुरांच्या खुरांनी काठ तुडवला गेला, तरी पिढी तिथेच तुटते. आणि ती काठची माती म्हणजे तुमच्या स्ट्रेप्टोमायसीससारख्या जिवाणूंचंही घर. तक्त्यातले दोन्ही जीव खरोखर शेजारी असू शकतात अशी ही एकमेव जागा.

बाकी धोके ठाऊक असलेलेच: बीव्हरचे बांध काढणं, पूल-मोरीच्या कामातला गाळ, पात्र सरळ करणं, ट्राउट मासे सोडणं.

आगरप्लेट:

आता जिवाणू. आधी एक सावधगिरी: मुलांच्या प्लेटवर जे येईल त्याला 'स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियस' म्हणू नका. 'स्ट्रेप्टोमायसीससारख्या कॉलनी' एवढंच (कॉलनी म्हणजे प्लेटवर वाढून दिसणारा जिवाणूंचा ठिपका). या वंशात शेकडो प्रजाती आहेत आणि कित्येकींचा १६ एस या, जिवाणू ओळखायला वापरतात त्या जनुकाचा क्रम एकमेकींशी इतका जुळतो की त्यावरून प्रजाती ठरत नाही. संपूर्ण जनुकसंच ताडून सरासरी साम्य साधारण ९५-९६ टक्क्यांच्या वर आलं तरच एक प्रजाती धरतात. भुंगेऱ्याला भिंग पुरतं, इथे सिक्वेन्सर, म्हणजे डीएनएचा क्रम वाचणारं यंत्र, लागतो. 'ओळख' हा स्वतंत्र रकाना करा.

पद्धत अशी:

वरचा पालापाचोळा बाजूला करून ५ ते १५ सेंमी खोलीची माती घ्या. सावलीत ५-७ दिवस वाळू द्या, २ मिमी चाळणीने चाळा. १० ग्रॅम मातीत १ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट मिसळून ओलसर वातावरणात २८ अंशांना ७ दिवस ठेवा. त्याने स्ट्रेप्टोमायसीसच्या मंडळींचं प्रमाण वाढतं. पण नैसर्गिक संख्या मोजायची असेल तर ही पायरी गाळायची, कारण मोजण्याआधीच तुम्ही ती वाढवलेली असते.

माध्यम स्टार्च-केसीन आगर. १ लिटरसाठी: विद्राव्य स्टार्च १० ग्रॅम, केसीन ०.३, पोटॅशियम नायट्रेट २, मीठ २, डायपोटॅशियम फॉस्फेट २, मॅग्नेशियम सल्फेट ०.०५, कॅल्शियम कार्बोनेट ०.०२, फेरस सल्फेट ०.०१, आगर १८ ग्रॅम. सामू ७ ते ७.२. केसीन सरळ पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात. आधी थोड्या सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवा, मग मिसळा आणि सामू पुन्हा तपासा. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं) १२१ अंशांना १५ मिनिटं. ४५-५० अंशांपर्यंत उतरल्यावर बुरशीनाशक म्हणून निस्टॅटिन मिलिलिटरमागे ५० मायक्रोग्रॅम. पुस्तकात सोबत सायक्लोहेक्झिमाइड दिलेलं असतं. ते माणसालाही विषारी आहे, विद्यार्थ्यांच्या हातात देऊ नका. प्लेटमध्ये किमान २५ मिली ओता, कारण दोन आठवडे ठेवायची आहे आणि पातळ थर सुकून तडकतो.

१ ग्रॅम माती ९ मिली निर्जंतुक ०.८५ टक्के सलाइनमध्ये, चांगली घुसळा. तिथून दहा-दहापट डायल्यूशन करत, म्हणजे दर पायरीला पातळ करत, १:१,००,००० पर्यंत जा. शेवटच्या तीन डायल्यूशनमधून ०.१ मिली पसरवा, प्रत्येकी तीन प्लेट. २८ अंशांना ७ ते १४ दिवस.

कॉलनी ओळखायला सोप्या: कोरड्या, खडूची पूड भुरभुरल्यासारख्या, आगरमध्ये रुतलेल्या. सुईने उचलायला गेलात तर अख्खी चकती निघते किंवा निघतच नाही. वास ओल्या मातीचा, तोच पहिल्या पावसाचा, जिओस्मिन या द्रव्याचा. मात्र झाकण उघडून वास घेऊ देऊ नका. मातीच्या प्लेटवर आणखी कोण उगवलंय ते माहीत नसतं.

हिशेब: १:१०,००० च्या प्लेटवर ४२ कॉलनी आल्या तर ४२ × १०,००० × १० = ग्रॅममागे ४२ लाख. भागिले १० नाही, गुणिले १०, कारण प्लेटवर ०.१ मिलीच टाकलंय. मातीचा वेगळा नमुना १०५ अंशांना २४ तास सुकवून ओलाव्याची वजावट करा, नाहीतर ओल्या आणि कोरड्या मातीची तुलना फसते.

आता तुमचा पहिला प्रश्न. ही ४२ लाख म्हणजे 'जिवाणूंची संख्या' नव्हेच. स्ट्रेप्टोमायसीस तंतूंच्या जाळ्यात वाढतो आणि वर बीजाणूंच्या साखळ्या सोडतो. एकाच जाळ्याचे घुसळताना वीस तुकडे झाले तर वीस कॉलनी, आणि एका साखळीतले पन्नास बीजाणू सुटे झाले तर पन्नास. ज्याला 'एक नग' म्हणावं असं काही इथे नाही. शिवाय मातीतल्या जिवाणूंपैकी प्लेटवर वाढतात ते १ टक्क्याच्या आसपासच. म्हणून रकान्याचं नाव 'संख्या' ठेवण्याऐवजी 'काय मोजतात' असं ठेवा. भुंगेऱ्यापुढे 'प्रौढ नग', जिवाणूपुढे 'कॉलनी होऊ शकणारे तुकडे आणि बीजाणू'.

कलमवाचक:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: 'सुरक्षित' तर मुळीच नको. तपासून धोका नाही असं ठरलेल्याला तसं म्हणतात. जिवाणूला कुणी तपासलेलंच नाही.

१९७३ च्या अमेरिकी संकटग्रस्त प्रजाती कायद्यात 'प्रजाती' म्हणजे प्राणी किंवा वनस्पती. जिवाणू त्या व्याख्येच्याच बाहेर आहे, त्यामुळे त्याच्यासाठी अर्जच करता येत नाही. (त्याच कायद्यातल्या 'संकटग्रस्त प्रजाती'च्या व्याख्येत उपद्रवी ठरवलेल्या कीटकांनाही वगळायची सोय आहे. कीटक म्हणून आपोआप संरक्षण मिळतं असं नाही.)

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेची लाल यादी ही वेगळी यादी आहे. तक्त्यात कोणती ते स्पष्ट लिहा, दोन्हीची सरमिसळ फार होते. तिचे निकष जिवाणूला लावून पाहिले की ते का बसत नाहीत ते कळतं. घट मोजायची ती १० वर्षं किंवा तीन पिढ्या, यातला जो काळ मोठा असेल त्यात. भुंगेऱ्याची पिढी वर्षाची धरली तरी १० वर्षं लागू होतात. जिवाणूची पिढी तासांची, तीन पिढ्या दिवसभरात उरकतात, म्हणून त्यालाही १० वर्षंच लागतील. त्या काळात त्याच्या हजारो पिढ्या होतात आणि मूळचा वाण तोच राहिला का हाच प्रश्न उरतो. दुसरा निकष प्रौढ नगांचा: २५० पेक्षा कमी म्हणजे संकटग्रस्त. वर आगरप्लेट यांनी सांगितलंच की नग म्हणजे काय हेच ठरत नाही. तिसरा क्षेत्राचा: व्याप्त क्षेत्र ५०० चौ. किमीपेक्षा कमी, मोजायचं २ × २ किमीच्या चौकटींत, आणि सोबत तुटकपणा, घट अशा अटी. हा निकष ओढ्यातल्या भुंगेऱ्याला चपखल बसतो. मातीच्या जिवाणूला दोन किलोमीटरची चौकट म्हणजे काहीच नाही. पाच सेंमी अंतरावर सामू बदलला की वस्ती बदलते.

रकान्यात असं लिहा: 'मूल्यमापन नाही, निकष लागू करता येत नाहीत'.

भारतातला संदर्भ हवाच असेल तर २००२ च्या जैविक विविधता कायद्यात जैविक संसाधनांच्या व्याख्येत सूक्ष्मजीव स्पष्टपणे येतात. पण तो कायदा मुख्यतः वापर, परवानगी आणि लाभवाटपाचा आहे. त्यात नाव आलं म्हणजे संवर्धन स्थिती मिळाली असा अर्थ काढू नका.

ओढाकाठ:

चौथ्या प्रश्नाबद्दल. नामशेष होण्याआधीचा प्रश्न असतो 'सापडला नाही म्हणजे नाहीच का?' इथे दोघांचं गणित एकच निघतं. माझ्या मते तक्त्यातला सगळ्यात कामाचा रकाना हाच.

उदाहरणासाठी धरा की भुंगेरा ओढ्यात आहे आणि एका भेटीत तो सापडण्याची शक्यता ०.३. मग एका भेटीत हुकण्याची शक्यता ०.७, आठ भेटींत सलग हुकण्याची ०.७ चा आठवा घात, म्हणजे ०.०५८. नऊ भेटींत ०.०४. म्हणजे 'नाही' असं ९५ टक्के खात्रीने म्हणायला नऊ भेटी लागतात. एकदा जाऊन 'प्रजाती आढळली नाही' असं लिहिलेल्या अहवालाला काय किंमत द्यायची ते यावरून ठरवा.

आगरप्लेट:

आणि जिवाणूकडे भेटींच्या जागी सिक्वेन्सिंगचे रीड, म्हणजे वाचलेले डीएनएचे तुकडे. एखादा जिवाणू वस्तीत १० लाखांत १ या प्रमाणात असेल आणि तुम्ही नमुन्याचे ५०,००० रीड काढले, तर तो एकदा तरी दिसण्याची शक्यता जेमतेम ५ टक्के. ९५ टक्क्यांसाठी साधारण ३० लाख रीड. तेवढे कुणी सहसा काढत नाही, म्हणून दुर्मीळ जिवाणू 'नसतात'.

उलटी चूकही दोघांकडे आहे. मेलेल्या पेशींचा डीएनए मातीत टिकून राहतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मातीतल्या जिवाणूंच्या डीएनएपैकी सरासरी ४० टक्के असा जुना, निर्जीव निघाला होता. म्हणजे गेलेला जिवाणूही हजेरी लावतो.

ओढाकाठ:

बरोबर, आणि ओढ्याच्या पाण्यातून डीएनए गाळून शोधलं तर ते वरून वाहत आलेलं असतं. गाळणी लावली त्या ठिकाणी भुंगेरा आहे असं त्यावरून म्हणता येत नाही, वरच्या अंगाला कुठेतरी आहे एवढंच. त्यात कठीण कवचाचे कीटक पाण्यात डीएनए कमी सोडतात, म्हणून नकारात्मक निकालावरही फार विसंबू नये.

तक्तेवाला:

'न सापडण्याचा अर्थ' हा रकाना घेतला. पण मूळ प्रश्न राहिलाच. जिवाणू खरोखर नामशेष होऊ शकतो का? 'सगळं सगळीकडे असतं, पर्यावरण निवड करतं' हे डच शास्त्रज्ञ बास बेकिंगचं १९३४ चं वाक्य तर पाठ्यपुस्तकातही येतं.

आगरप्लेट:

ते वाक्य अर्धंच टिकलंय. निवडीचा भाग खरा: मातीतल्या जिवाणूंची वस्ती कशी असेल हे सांगायला तापमान-पावसापेक्षा सामू जास्त उपयोगी पडतो. 'सगळीकडे' हा भाग मात्र सरसकट लागू नाही. २०१८ साली सहा खंडांतल्या २३७ ठिकाणच्या मातीचा तौलनिक अभ्यास झाला. त्यात जवळपास निम्मी वस्ती जेमतेम २ टक्के, म्हणजे ५०० च्या आसपास प्रकारांनीच व्यापलेली निघाली. उरलेले हजारो प्रकार विरळ. असा विरळ, एकाच तऱ्हेच्या जागेला बांधलेला, बीजाणू न करणारा जिवाणू ती जागा गेली की जाणार. फक्त ते कुणाला कळणार नाही.

स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसियस त्यातला नाही. बीजाणू टिकाऊ आहेत, वारा-पाण्याबरोबर फिरतात, पसाराही मोठा. तक्त्यात एका टोकाला ओढ्याला जखडलेला भुंगेरा आणि दुसऱ्या टोकाला इतका सर्वसंचारी जिवाणू घेतलात तर मुलं 'भुंगेरा धोक्यात, जिवाणू बिनधास्त' असा निष्कर्ष काढतील. तो त्या दोघांपुरता खरा आहे, भुंगेरे आणि जिवाणू यांच्याबद्दल नाही. तशी ठळक टीप खाली टाका.

शीतकपाट:

'जपणूक' हा रकाना राहिलाय आणि खरा फरक तिथे आहे.

भुंगेऱ्याचा नमुना-प्रकार, म्हणजे ज्या नगावरून प्रजातीचं नाव ठरलं तो, संग्रहालयात टाचणीवर मेलेला असतो. जिवाणूच्या बाबतीत नियम उलटा: नव्या प्रजातीचं नाव ग्राह्य धरायचं तर तिचा जिवंत वाण निदान दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करावा लागतो. म्हणजे नामकरण झालेला जिवाणू जमिनीतून गेला तरी कुपीत उरतो. पुण्यातच असे दोन मोठे संग्रह आहेत, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतला एनसीआयएम आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा एनसीएमआर.

स्ट्रेप्टोमायसीस जपायची कृती: पिकलेल्या प्लेटवरचे बीजाणू निर्जंतुक पाण्यात खरवडून घ्यायचे, निर्जंतुक कापसातून गाळून तंतू वेगळे करायचे, २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना ठेवायचे. दीर्घकाळासाठी साय काढलेल्या दुधाच्या १० टक्के द्रावणात मिसळून शीतशुष्कन, म्हणजे गोठवून वाळवणं.

हे न करता प्लेटवरून प्लेटवर वाण ओढत राहिलं की काय होतं? याचं गुणसूत्र गोल नसून सरळ रेषेत आहे आणि त्याची टोकं तुटून गळण्याची खोड आहे. काही फेऱ्यांत पांढरी पूड येणं थांबतं, कॉलनी गुळगुळीत 'टकल्या' होतात, प्रतिजैविक बनवणंही जाऊ शकतं. नाव तेच, वाण वेगळा. म्हणून मूळ कुप्या भरपूर करायच्या आणि दर वेळी नवी फोडायची.

भुंगेऱ्याला कुपी नाही. जिवंत ठेवायचा तर अंडी, अळी, कोष, प्रौढ या सगळ्यांची सोय हवी: वाहतं थंड पाणी, शेवाळ, आणि कोषासाठी ओल्या मातीचा काठ. युरोपातल्या डायटिस्कस लॅटिसिमस या संकटात असलेल्या मोठ्या पाणभुंगेऱ्याची पैदास लाटव्हियातल्या दौगावपिल्सच्या प्राणिसंग्रहालयात करतात. तिथेही कळीचा मुद्दा अळीच्या खाण्याचा, कारण ती मुख्यतः कॅडिस माशीच्या अळ्यांवर जगते. म्हणजे एक कीटक पाळायला दुसऱ्याचा पुरवठा बांधावा लागतो. एवढं करून सोडायला ओढाच राहिला नसेल तर सगळं मुसळ केरात.

तक्तेवाला:

झालं, सगळे रकाने बसले. एक शेवटचं: चाचणीच्या प्लेटवर दोन दिवसांतच ओलसर, पांढुरकी साय सगळीकडे पसरली आणि खडूसारख्या कॉलनी दिसेनात. काय चुकलं?

आगरप्लेट:

ती बॅसिलस मंडळी, मातीतलाच दुसरा जिवाणूवंश. कारणं दोन. प्लेटवर वाफेचं पाणी साचलेलं होतं, त्यावरून ती सरपटतात. ओतल्यावर प्लेट झाकण किंचित सरकवून ३० मिनिटं लॅमिनार हूडमध्ये (गाळलेली हवा सोडणाऱ्या कपाटात) सुकवा आणि इनक्युबेटरमध्ये उलट्या ठेवा. दुसरं म्हणजे डायल्यूशन कमी पडलं, एक पायरी पुढे जा. माती तापवून बॅसिलस जातील असं कुणी सांगेल, ऐकू नका, त्यांचे बीजाणू स्ट्रेप्टोमायसीसपेक्षा जास्त उष्णता सोसतात. तापवण्याने ग्रॅम-ऋण (ग्रॅमच्या रंगचाचणीवरून पाडलेला गट) जिवाणू कमी होतात, बॅसिलस उलट मोकळं रान मिळून फोफावतात.

स्टार्च-केसीनवर पेप्टोन किंवा यीस्ट अर्क घालायचा मोह आवरा. माध्यम जितकं पौष्टिक तितके झपाट्याने वाढणारे पुढे जातात. झालेल्या प्लेट चिकटपट्टीने बंद ठेवून मोजा आणि टाकण्याआधी १२१ अंशांना ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा, नळाखाली धुऊ नका.